मिरची धुण्याआधी

शालननं हातातलं उलथनं खाली ठेवलं, डावा तळवा छातीवर दाबला आणि उजव्या हातानं मला खूण केली, बंद करा.

मी खटका ओढला. लोखंडी मुसळं एकेक करून थांबली. आमच्या मिरची-कांडपाच्या शेडमध्ये इतका दणदणाट असायचा, की तो थांबला की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. त्या शांततेत आक्कूबाई म्हणाली, "का थांबवलंस तात्या? माझी निम्मी चटणी उखळात हाय अजून."

"हिला सुरू झालं," मी म्हणालो.

शालन मिरचीच्या पोत्यावर बसली होती. तोंडावर तांबडा थर, त्यातून घामाचे ओघळ, आणि गळ्याच्या खळग्यात कातडीखाली काहीतरी टपाटपा उडत होतं. मी जाऊन मनगट धरलं. मोजण्यासारखं काही नव्हतंच. बोटांखाली नुसती थरथर.

"आज गुरुवार," मी म्हणालो. "चल."

"येते की. जरा धुते आणि येते."

"धुवायचं नाही. अशीच चल."

भर बाजारातून पदराशिवाय चल म्हणालो असतो, तर तिनं माझ्याकडं जसं बघितलं असतं, तसं बघितलं.

याला आता बरीच वर्षं झाली. शालन जाऊन दुसरा उन्हाळा आलाय. पण तो गुरुवार मला आमच्या लग्नातल्या तिच्या साडीपेक्षा नीट आठवतो.

गुरुवारचं कारण असं, की तालुक्याच्या दवाखान्यात एक गुरुवार सोडून एक गुरुवार शहरातून हृदयाचे मोठे डॉक्टर यायचे. डॉक्टर सबनीस. दुपारी दोनपर्यंत बसायचे आणि दोनच्या ठोक्याला गाडीत बसून निघून जायचे. मग पुढचा पंधरवडा तुमचं हृदय तुमच्यापाशी.

शालनची धडधड त्याच्या कितीतरी आधीपासूनची. आमची धाकटी मुलगी वैजू शाळेत जायला लागली त्या सुमाराला सुरू झाली. कधी महिना महिना यायची नाही, कधी आठवड्यात दोनदा. चांगली हसत-बोलत असताना एकदम सुरू व्हायची, कुणी बटण दाबल्यासारखी, आणि थांबायची तीही तशीच. त्या वेळात तिचा जीव घाबरा व्हायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची, बोलता यायचं नाही.

गावात डॉक्टर मगदूम होते. माणूस भला. त्यांच्याकडं ईसीजीचं यंत्र होतं. आम्ही जायचो, ते शालनला झोपवायचे, छातीला चिमटे लावायचे, पट्टी निघायची, आणि पट्टी दर वेळी एकदम चांगली. "वहिनी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे," असं म्हणून पित्ताच्या गोळ्या द्यायचे. पुढं पुढं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडणं, काळजी वगैरे? मी म्हणालो, भांडणं या धडधडीवरूनच होतात. ते म्हणाले, या वयात बायकांना असं होतं. शालन तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

तालुक्यालाही तेच. जो तो पट्टी काढायचा आणि जो तो ती पट्टी माझ्या तोंडापुढं धरून म्हणायचा, बघा, काही नाही. जसं काही मी खोटं बोलून बायकोला दवाखाने दाखवत फिरतोय. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन ती दिवसभर पेंगायची आणि धडधड आली की पेंगता पेंगता घाबरायची. एकानं चोवीस तास छातीला लावून ठेवायचं छोटं यंत्र दिलं आणि सांगितलं, याला पाणी लागू द्यायचं नाही. ते चोवीस तास शालन नव्या नवरीसारखी खुर्चीत बसून राहिली. धडधड आली नाही. यंत्र परत केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

सबनीसांचा नंबर मिळायला दीड महिना गेला होता. त्यांनी मात्र आमचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मला वाटतंय काय आहे ते. पण वाटून उपयोग नाही. हे चालू असतानाची पट्टी पाहिजे. चालू असताना आणा, कुठंही, कुणाकडंही काढा. एकदा कागदावर सापडलं, की त्याला इलाज आहे. कायमचा."

कायमचा हा शब्द घेऊन आम्ही दोघं घरी आलो. आणि मग सुरू झाली ती पळापळ. धडधड आली की मी गाडी काढायचो, आणि शालन म्हणायची, धुऊन येते.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. कांडपावरचा माणूस कसा असतो ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. संकेश्वरी मिरची कुटताना तिची पूड केसांत, कानांत, पापण्यांत जाऊन बसते. तशा अंगानं शेजारच्या घरात जाऊन बसलं तरी घर खोकायला लागतं. माझ्या आईनं शालनला लग्न झाल्या झाल्या रीत घालून दिली होती. आधी हाताला तेल, मग डाळीचं पीठ चोळायचं. मग घमेल्यात हौदाचं गार पाणी घ्यायचं आणि त्यात तोंड बुडवायचं. डोळे उघडे ठेवून, श्वास धरून, जमेल तितका वेळ. पापणीतली मिरची दुसऱ्या कशानं निघत नाही, असं आई म्हणायची. मीही तसंच करायचो. पण मी एकदा बुडवून बाहेर काढायचो आणि शालन दमदार होती, दोनदा तीनदा बुडवायची. मी फाटकापाशी गाडी चालू करून ओरडायचो आणि ती पाण्यातून तोंड वर काढून म्हणायची, "थांबा जरा. वेळ लागतो."

मग धुतलेली साडी. मग केस. मग कुंकू. मग म्हणायची, "आता बरं वाटायलंय. जायलाच पाहिजे का?" तरी मी न्यायचो, आणि मगदूम डॉक्टर चांगली पट्टी काढून माझ्या हातात द्यायचे.

यावरून आमची किती भांडणं झाली असतील. मी म्हणायचो, तुझ्या नटण्यात वेळ जातो, तोवर ते थांबतं. ती म्हणायची, डॉक्टर तपासतात, अंगाला हात लावतात, त्यांच्या हाताची आग व्हायला पाहिजे का? वर म्हणायची, मला काय हौस हाय धडधडीची?

आदल्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण भांडणाच्या पलीकडं गेलं. शालन उखळात मिरची सारत होती. मुसळं चालू होती. मी पाठमोरा पोतं सोडत होतो. कसला आवाज आला नाही, पण मी वळलो आणि ती पुढं कलंडलेली, तोंड उखळाच्या दिशेनं. मी खटका ओढायच्या आधी मुसळ तिच्या बांगड्यांवर आलं. काचा चटणीत गेल्या. हात वाचला. डोकं वाचलं ते कसं, याचा मी आजही विचार करत नाही. त्यानंतर मी तिला उखळापाशी बसू नको म्हणून सांगून बघितलं. पण हंगामात माणूस मिळत नाही, आणि ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

म्हणून त्या गुरुवारी मी तिला हौदाकडं जाऊ दिलं नाही. ती उठून निघाली, तिचा दंड धरला आणि फाटकाकडं वळवलं. ती म्हणाली, निदान तोंड तरी. मी म्हणालो, एक थेंबसुद्धा नाही. दीड वाजायला आला होता आणि तालुका वीस मिनिटांवर.

"आणि ती वाटंत पडली म्हंजे?" आक्कूबाई म्हणाली. "मागं कोण धरणार तिला?"

आक्कूबाई वरच्या गल्लीची, आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठी आणि अंगानं दोघांच्या बेरजेइतकी. दर उन्हाळ्यात तिची चटणी, म्हणजे वर्षाचं तिखट, आमच्याकडंच, आणि ती पूर्ण कुटून होईपर्यंत समोरून हलायची नाही, कारण आम्ही तिची संकेश्वरी काढून दुसरी घालू असा तिला संशय. त्या दिवशी तिनं निम्मी चटणी उखळात सोडली, पदर खोचला आणि शालनच्या मागं मोटारसायकलवर बसली. गाडीचं मागलं चाक दबलं ते मला हँडलवर कळलं.

वाटेत शालन माझ्या पाठीला टेकली होती. तिची धडधड मला पाठीतून जाणवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हणत होतो, थांबू देऊ नको. आक्कूबाई मागून सगळा रस्ता बोलत होती. चटणी अर्धी कुटून राहिली की तिचा रंग बसतो का. पावसाळ्यात तिला जाळी धरते का. वाऱ्यानं आमच्या अंगावरची मिरची उडत होती आणि मागून येणारा एक जीपवाला शिव्या देत आम्हाला ओलांडून गेला.

दवाखान्याचा हॉल भरलेला होता. खिडकीत एक मुलगी बसली होती, तिच्यापुढं मोबाइल. मी सांगितलं, सबनीस डॉक्टरांनी चालू असताना आणायला सांगितलंय, चालू आहे.

"नंबर आहे का?"

"नंबर कसा असेल? हे सांगून येतं का?"

"नंबर आधी लावावा लागतो. आजचे पूर्ण झालेत. पुढच्या वेळचा देऊ?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आधी खालच्या डॉक्टरांना दाखवा, ते लिहून देतील, मग सबनीस सरांकडं पाठवतील. खालचे डॉक्टर जेवायला गेले होते. मी म्हणालो, नुसती पट्टी काढा, पैसे घ्या, पट्टी काढा. ती म्हणाली, पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय निघत नाही. चिठ्ठी कोण देणार? खालचे डॉक्टर. ते कुठं आहेत? जेवायला. घड्याळ तिच्या डोक्यावरच होतं आणि मी ते बघत होतो. माझा आवाज चढला. तिचाही चढला. ती म्हणाली, "काका, इथं सगळेच पेशंट आहेत."

खरंच सगळेच पेशंट होते.

मी वळून बघितलं. शालन बाकावर बसली होती, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, कशालाच लागू नयेत असे. तिच्या शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला होता. मग त्याच्या शेजारची बाई. मग एक म्हातारे गृहस्थ शिंकले. त्यांच्यामागं कुणीतरी खोकलं. एक बाळ रडायला लागलं. डोक्यावर पंखा होता आणि तो आमची मिरची इमानानं सगळ्यांना वाटत होता. बघता बघता सगळा हॉल खोकायला लागला. खिडकीतली मुलगी ओढणी नाकाला लावून म्हणाली, "हे काय आणलंय तुम्ही?"

"कांडपावरनं आलोय," आक्कूबाई म्हणाली. "चांगली संकेश्वरी हाय. भेसळ न्हाई काही."

शिंकणारे म्हातारे खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, या ताईंना आधी आत सोडा. आमचा नंबर मागं गेला तर चालेल. हृदयासाठी आलो होतो, आता दम्याचा डॉक्टर शोधावा लागेल."

दोघंतिघं हसले आणि हसताना जास्त खोकले. शालन हसली नाही. तिच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीचं किती आणि लाजेचं किती ते मला कळलं नाही. ती माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "हेच पाह्यजे होतं का तुमास्नी?"

आतून एक सिस्टर आल्या, वयस्कर, कडक. त्यांनी एका नजरेत सगळं बघितलं आणि म्हणाल्या, पेशंटला असं आणतात का? आधी जाऊन स्वच्छ करून आणा, मग बोलू. शालन लगेच उठली. भिंतीला बेसिन होतं. ती नळाशी गेली. नळाला करंगळीएवढी धार. तिनं ओंजळ ओली करून डोळ्यांना लावली, आणि हातावरची सगळी मिरची डोळ्यांत गेली. ती भिंतीला धरून उभी राहिली.

"बादली द्या," ती म्हणाली. "घमेलं द्या काहीतरी. मला डोळं उघडंना झालंत."

मी म्हणालो, आधी पट्टी. सिस्टर म्हणाल्या, आधी धुणं. मी म्हणालो, धुण्यात वेळ जातो आणि ते थांबतं, दर वेळी असंच होतं, तुम्हाला हात जोडतो. सिस्टर म्हणाल्या, थांबलं तर चांगलंच आहे की. या वाक्यानं माझं डोकं इतकं फिरलं, की मी भिंतीवर हात आपटला. भिंतीवर तांबडा पंजा उठला. तो पुढं किती दिवस होता कुणास ठाऊक.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि डॉक्टर सबनीस स्वतः बाहेर आले, रुमालानं नाक पुसत.

"इथं फोडणी कोण देतंय?" त्यांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांचं लक्ष शालनकडं गेलं. तोंडाकडं नाही, मिरचीकडं नाही, गळ्याकडं. ते जवळ आले, खाली वाकले आणि तिच्या गळ्यात उडणाऱ्या त्या खळग्याकडं बघत राहिले. मग मनगट धरलं.

"सिस्टर, यांना आत घ्या. आत्ता. ईसीजी, आणि मॉनिटर चालू ठेवा."

"सर, त्यांना आधी धुवून..."

"आत्ता," ते म्हणाले.

पुढं सगळं भराभर झालं. मला वाटतं त्या दवाखान्यात इतक्या वेगानं काही होऊ शकतं, हे त्या दिवसापर्यंत तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. शालनला खाटेवर झोपवली, चिमटे लावले, छातीला गोल चिकटपट्ट्या लावल्या. सिस्टर शिंकत शिंकत लावत होत्या. यंत्रातून कागद बाहेर यायला लागला. मी दाराशी उभा होतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं तिच्या चांगल्या पट्ट्या बघत आलो होतो, त्यावर खुणा कशा लांब लांब असतात ते माहीत होतं. या कागदावर त्या दाट होत्या, बारीक दातांच्या फणीसारख्या.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. "सापडलं," ते म्हणाले. एवढंच.

मी खाली बसलो. तिथं बसायला काही नव्हतं, तरी बसलो, फरशीवर.

डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देतो, क्षणभर विचित्र वाटेल, पण लगेच थांबेल. ते पाठ करून इंजेक्शन भरायला लागले. मॉनिटरचा आवाज चालू होता, आमच्या मुसळांहूनही भरभर. शालन उठून बसली होती. तिचं मात्र पट्टीकडं, इंजेक्शनकडं, कशाकडंच लक्ष नव्हतं.

"बाई," ती सिस्टरना म्हणाली, "आता तरी द्या की. झालं न्हवं तुमचं काम?"

सिस्टरनाही तोवर दया आली असावी. त्यांनी स्टीलचं मोठं भांडं आणलं, त्यात फिल्टरचं गार पाणी ओतलं आणि तिच्यापुढच्या स्टुलावर ठेवलं. वायरी सांभाळा म्हणाल्या. शालननं पदर मागं टाकला, छाती भरून श्वास घेतला आणि कानापर्यंत तोंड पाण्यात बुडवलं.

मॉनिटर वाजत होता. वाजत होता. आणि एकदम वाजायचा थांबला.

सिस्टरचा हात तोंडावर गेला. डॉक्टर इंजेक्शन हातात धरून वळले. मग एकदा वाजलं. मग सावकाश दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, आणि मग घरातल्या घड्याळासारखं चालू झालं.

शालननं तोंड वर काढलं. पाणी तांबडं झालं होतं. ती डोळे उघडझाप करत म्हणाली, "हां. आता कसं बरं वाटायलंय."

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. मग दुसरं स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"ताई, हे तुम्ही नेहमी करता?"

"काय?"

"हे. पाण्यात तोंड बुडवणं."

"मग? तशीच येऊ व्हय मिरची घेऊन दवाखान्यात? आज ह्यांनी आणलं म्हणून..."

"म्हणजे आधी मगदूम डॉक्टरांकडं जायचात, तेव्हाही? दर वेळी?"

"दर वेळी," ती जरा अभिमानानं म्हणाली. "सासूबाईंनी शिकवलंय. एकदा बी तशी गेली न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले आणि मी त्यांच्याकडं. त्यांनी मग समजावून सांगितलं. तिच्या हृदयात विजेची एक जादा वाट होती. ठोका त्या वाटेनं गोल गोल फिरत राहायचा. थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास धरला, की शरीर आपोआप हृदयाला लगाम घालतं आणि ते फिरणं तुटतं. डॉक्टर लोक कधी कधी मुद्दाम हा उपाय करतात. ते म्हणाले, "तुम्ही घरी उपचार करून, बरं होऊन दवाखान्यात येत होता. आम्हाला काय दिसणार?"

"म्हंजे," शालन म्हणाली, "मीच माझी डॉक्टर."

"नाही. तुम्ही पुरावा धुऊन येत होता."

मला हसू आलं नाही. मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि कोणाच्या ते कळत नव्हतं. मगदूमांनी पट्ट्या खऱ्याच काढल्या होत्या. शालननं रीत पाळली होती. आईनं डोळ्यांसाठी शिकवलं होतं. इतकी वर्षं मी फाटकापाशी उभा राहून वेळ जातोय, वेळ जातोय म्हणून ओरडत होतो आणि वेळाचा काही संबंधच नव्हता. इतक्या गोळ्या, इतकी भांडणं, ती झोपेची पेंग, ते उखळावर कलंडणं. सगळ्याच्या मुळाशी एक घमेलंभर पाणी. राग काढायलासुद्धा माणूस मिळू नये, याचा राग फार वाईट असतो.

"मग मुसळापाशी पडली ती कशी?" मी विचारलं. "तेव्हा कुठं होतं पाणी?"

"तेव्हा पाण्यापर्यंत पोचल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "म्हणून पाण्यावर राहायचं नाही. आता ती वाटच बंद करायची."

त्यांनी तिथूनच शहरात फोन लावला. मला वाटलं होतं, पुन्हा नंबर, पुन्हा दीड महिना. पण ते फोनवर म्हणाले, पट्टी माझ्या हातात आहे, पेशंट एकदा चालू यंत्राजवळ बेशुद्ध पडलीय, मला या आठवड्यात पाहिजे. त्या आठवड्यातच झालं. मांडीतून बारीक तार घालून ती जागा जाळली. आदल्या संध्याकाळी तिथल्या सिस्टर सांगून गेल्या, सकाळी स्वच्छ अंघोळ करून तयार राहायचं. त्यांची पाठ वळल्यावर शालननं माझ्याकडं बघितलं.

"काय ओ," ती म्हणाली, "करू का अंघोळ? का अशीच येऊ?"

त्या गुरुवारी परत येताना सिस्टरनी हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. आक्कूबाई बाहेर पायरीवर त्या शिंकणाऱ्या म्हाताऱ्यांना चटणीचं प्रमाण सांगत बसली होती. ती शालनकडं बघून म्हणाली, "झालं? चला मग. माझी निम्मी चटणी वाट बघायल्या."

त्यानंतर धडधड आली नाही. एकदाही नाही. शालन आठ हंगाम उखळापुढं बसली. संध्याकाळी मुसळं थांबली, की हौदावर जायची, तेल, पीठ, आणि मग घमेल्यात तोंड. आता फाटकापाशी गाडी घेऊन कुणी उभं नसायचं, तरी मी कधी शेडमधून उगाच हाक मारायचो, आटप की. ती तोंड वर काढून तेच म्हणायची, थांबा जरा.

ती गेली ती हृदयानं नाही. डोक्यातली शीर फुटली. सकाळी चहा गाळताना गाळणं खाली पडलं आणि ती त्याच्या शेजारी. या वेळी मी तिला आवरू दिलं नाही, आणि तिनं मागितलंही नाही. दवाखान्यात ताबडतोब आत घेतलं. कुणी नंबर विचारला नाही, चिठ्ठी विचारली नाही, जे करायचं ते सगळं वेळेवर केलं. डॉक्टर म्हणाले, यात आधी येऊनही काही फरक पडला नसता. मला ते वाक्य पटलंय. पण पटून काय करायचं ते कळलेलं नाही.

दुपारी तिला घरी आणलं. अंगणात तीन दगडांवर पाणी तापत ठेवलं होतं. बायकांनी साडीचा आडोसा धरला. आक्कूबाई आता पार वाकलीय, तरी तीच पुढं होती. तिनं तापलेल्या पाण्यात हात घालून बघितला.

मी हौदावर गेलो. घमेलं तिथंच पालथं होतं, शालननं आदल्या संध्याकाळी ठेवलेलं. ते भरलं आणि आडोशापाशी गेलो. बायका बाजूला झाल्या नाहीत. आक्कूबाई म्हणाली, "तात्या, गार पाणी घालत न्हाईत. कोमट घालत्यात."

"अंगावर घाला कोमट," मी म्हणालो. "तोंड मी धुतो."

ती बाजूला सरकली.

मी शालनच्या उशाशी बसलो. ओंजळीनं पाणी कपाळावर घातलं, डोळ्यांवर घातलं. पुन्हा घातलं. गळ्याच्या खळग्यात पाणी साचलं, ते तिथंच राहिलं. मी बघत होतो. घमेलं अर्धं झालं तसा आक्कूबाईनं माझ्या दंडाला हात लावला.

"बास आता, तात्या. लोकं खोळंबल्यात."

"थांबा जरा," मी म्हणालो. "वेळ लागतो."